आधी महासंघ, मग क्लब

रामटेके साहेब आमच्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरवर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "जोगळेकर, तुमच्याकडे जातं आहे नं? मला त्याचा फक्त वरचा दगड पाहिजे. खालचा तुम्ही ठेवून घ्या."

खालच्या दगडाचं आम्ही काय करावं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी त्यांना आत घेतलं, कारण साहेबांना दारात उभं ठेवण्याची माझी हिंमत नव्हती. मूळचे भंडारा जिल्ह्यातले शालिकराम रामटेके बारा वर्षं माझे सेक्शन ऑफिसर होते. माझी प्रत्येक टिपणी त्यांच्या टेबलावरून जायची आणि निम्म्या टिपण्या परत यायच्या. समासात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'कारणे द्या.' माणूस कधी कुणावर ओरडला नाही, कुणाचं वाईट लिहिलं नाही. पण कारणं द्यावीच लागायची. रिटायर होऊन ते फरीदाबादला एका नव्या सोसायटीत राहायला गेले, तेव्हा आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं, असं आम्ही निरोपाच्या भाषणांत सांगितलं.

साहेबांची श्रद्धा लिखित नियमावर. "घटना काय म्हणते?" हा त्यांचा प्रश्न देशाच्या घटनेबद्दल तर असायचाच, पण सेक्शनमधल्या सात जणांच्या चहाच्या क्लबालाही त्यांनी घटना लिहून दिली होती. अकरा कलमं. दूध फाटलं तर काय, पाहुणा आला तर त्याचा चहा कुणाच्या वाट्यातून, सगळं त्यात होतं. एकदा मी दुसरा कप मागितला तर साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "कलम पाच वाचा, जोगळेकर. माझी ना नाही. घटनेची आहे."

तर जातं. आमच्याकडे होतं. मंजूला, म्हणजे माझ्या बायकोला, तिच्या आईनं लग्नात दिलेलं. दिल्लीत आल्यापासून ते दिवाणाखालीच होतं, कारण आता पाकिटातला आटा मिळत होता आणि घरात मिक्सर आला होता. दिल्लीतच वाढलेल्या आमच्या केतकीनं "बाबा, जातं म्हणजे?" असं विचारलं, तेव्हा साहेबांनीच तिला "चक्की, बेटा" म्हणून समजावलं. मंजूला मी सांगितलं की साहेब दगडाला टाकी लावून, म्हणजे दळायला पुन्हा खरखरीत करून, परत देणार आहेत. वास्तविक साहेबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, की फरीदाबादच्या एका वर्कशॉपमध्ये तो दगड खालून घासून गुळगुळीत करणार आणि त्यावर पुन्हा काही दळता येणार नाही. दोन महिन्यांनी मंजूला ते कळलं. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि पाचव्या दिवशी मी तिला म्हणालो की साहेबांनी मलाच फसवलं. ही या हकिकतीतली माझी पहिली लाज. पुढे आणखी आहेत.

दगड हवा होता तो कर्लिंगसाठी.

साहेबांचा एकुलता एक मुलगा सुगत कॉम्प्युटर शिकला होता, आणि ते दिवस असे होते की कॉम्प्युटर शिकलेलं पोर एके दिवशी सूटकेस घेऊन निघायचंच. सुगत कॅनडातल्या एका लहानशा गावी गेला. तो गेल्यावर सहा महिन्यांत त्याची आई वारली, आणि साहेब फरीदाबादच्या तीन खोल्यांत एकटे राहिले. सुगतचं महिन्याला एक पत्र यायचं. चार ओळी. तब्येत ठीक, काम ठीक, थंडी आहे, काळजी घ्या. हे मला साहेबांनी सांगितलेलं नाही. एकदा ते चहा टाकायला आत गेले असताना टेबलावरचं पत्र मी वाचलं. त्या पत्रात मात्र पाचवी ओळ होती, 'इथे मंगळवारी कर्लिंग क्लबमध्ये गेलो होतो.'

त्या पाचव्या ओळीवर साहेबांनी महासंघ उभा केला.

त्यांनी उलट टपाली विचारलं की कर्लिंग म्हणजे काय, त्याचे नियम पाठव. सुगतनं एक व्हिडिओ कॅसेट पाठवली. तिकडची कॅसेट इकडच्या व्हीसीआरवर चालेना, म्हणून साहेब करोल बागेत चड्ढाजींच्या व्हिडिओच्या दुकानात गेले. चड्ढाजींनी ती आपल्या मशीनवर उतरवून दिली आणि दहा मिनिटं बघून म्हणाले, "अंकल, मैच कब शुरू होगा? अभी तो ये लोग झाड़ू लगा रहे हैं."

"यही मैच है," साहेब म्हणाले.

खेळ तसा सोपा. बर्फाच्या लांब पट्टीवर दांडी असलेला जड दगड सोडायचा. तो घसरत जाऊन पलीकडच्या वर्तुळात थांबला पाहिजे. त्याच्या पुढे पुढे दोघांनी झाडूनं बर्फ घासत पळायचं. जितकं झाडाल तितका दगड लांब जातो. फरीदाबादला बर्फ नव्हता. पण साहेबांच्या सोसायटीला बिल्डरनं पोहण्याचा तलाव, बाग, क्लब हाऊस असं सगळं कबूल करून प्रत्यक्षात पांढऱ्या संगमरवरी फरशीचा एक लांबलचक हॉल बांधून दिला होता. त्या फरशीवर कॅरमची पावडर भुरभुरली की घासलेला जात्याचा दगड खरोखर घसरतो. खुंटा एका कडेला असल्यामुळे तो जाता जाता हळूच वळतोही. साहेबांनी पहिला दगड सोडला तेव्हा मी तिथे होतो, आणि तो वर्तुळात जाऊन अलगद थांबला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ऑफिसात मात्र मी ही गोष्ट सांगितली ती हसण्यासाठीच सांगितली.

दुसरा कुणी असता तर त्यानं चार मित्र जमवून खेळायला सुरुवात केली असती. साहेबांनी आधी घटना लिहिली. बेचाळीस कलमं, 'राजधानी प्रादेशिक कर्लिंग महासंघ' असं लेटरहेड, गोल रबरी शिक्का. शिक्का येऊन पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याच कलम तीननुसार महासंघाला किमान तीन स्थानिक क्लब सभासद हवेत, आणि अजून एकही नाही. मग फरीदाबाद क्लब ते स्वतः झाले. करोल बाग क्लब चड्ढाजी झाले, कारण ते झाडू प्रकरण त्यांच्या डोक्यातून जाईना. तिसरा क्लब लक्ष्मीबाई नगर.

"तुम्ही सेक्रेटरी," साहेब मला म्हणाले. "मराठी घरं पुष्कळ आहेत तिकडे. आठ खेळाडू जमवा नं."

"साहेब, मला नाही वाटत जमेल."

"काहून नाही जमणार?"

मी "हो हो, बिल्कुल" म्हणालो. ज्या माणसानं बारा वर्षं माझ्या टिपण्या तपासल्या त्याला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

बेचाळिसांतलं साहेबांचं लाडकं कलम सातवं. ते त्यांना तोंडपाठ होतं. 'खेळात पंच नसेल. आपली चूक खेळाडूने आपल्याच तोंडाने सांगावी.' म्हणजे चालत्या दगडाला तुमच्या झाडूचा धक्का लागला, तर कुणी पाहिलं असो वा नसो, तुम्हीच हात वर करायचा आणि तो दगड बाहेर काढायचा. तिकडेही असंच खेळतात म्हणे. "केवढी मोठी गोष्ट आहे, जोगळेकर," साहेब म्हणाले. "जन्मभर मी दुसऱ्यांच्या चुका शोधून राहिलो. इथे ती भानगडच नाही."

सेक्रेटरीनं दर महिन्याच्या पाच तारखेला अहवाल पाठवायचा होता. पहिल्या महिन्यात मी खरं लिहिलं, 'या महिन्यात क्लबाचे कोणतेही कामकाज झाले नाही.' अहवाल परत आला. समासात बारीक अक्षर, 'कारणे द्या.'

आता कारण एकच होतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं. लक्ष्मीबाई नगरमध्ये दारोदार जाऊन 'चला, जात्याचा दगड घसरवू या' असं म्हणायची मला लाज वाटत होती. लाज कुठे वाटायला हवी आणि कुठे नको, यात माझा हिशेब नेहमीच चुकत आलाय. दुसऱ्या महिन्यात मी आठ खेळाडू कागदावर जन्माला घातले आणि त्यांचा एक सामना खेळवला. तो अहवाल परत आला नाही.

आठांपैकी सात नुसती नावं होती. आठवी होती सौ. यमुनाबाई पाटणकर. वय बासष्ट, क्वार्टर नंबर त्र्याहत्तर, गुडघे अधू. ती माझ्या हातून कशी घडली ते मला सांगता येणार नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या अहवालापासून तिनं बाकीच्यांना मागे टाकलं. मी सरकारी भाषेत लिहीत असे. 'सौ. पाटणकर यांनी चालत्या दगडास उद्देशून "अरे हळू, पडशील" असे उद्गार काढल्याने खेळ काही काळ थांबला.' 'सामना हरल्यानंतर सौ. पाटणकर यांनी विजयी संघास बेसनाचे लाडू दिले व पुढील वेळी पाहून घेईन असे कळविले.' एकदा लिहिलं, 'दिवेलागण झाल्यावर केर काढणे सौ. पाटणकर यांस मान्य नसल्याने त्यांनी झाडू खाली ठेवला. सामना अनिर्णित.' त्यावर साहेबांचं टपालानं उत्तर आलं, 'दिवेलागणीबाबत घटना मौन आहे. विचार करतो.' आणि पुढच्या महिन्यात खरोखर कलम त्रेचाळीस आलं, सूर्यास्तानंतर झाडू न चालवणाऱ्या खेळाडूचा मान राखावा म्हणून.

हे सगळं मी डब्याच्या वेळी ऑफिसात हिंदीत करून वाचून दाखवायचो. आमचे तिवारीजी हसता हसता ठसका लागून लाल व्हायचे. मी साहेबांचा आवाज काढायचो, ते चष्म्यावरून बघणं करून दाखवायचो. शेजारच्या सेक्शनची माणसं डबे घेऊन आमच्याकडे येऊ लागली. मला वाटायचं, वा, आपण लेखक झालो. ज्या टेबलाशी बसून मी हे करायचो ते साहेबांचंच जुनं टेबल होतं.

प्रत्येक अहवालाच्या उत्तरात खाली एक ओळ टाइप केलेली असे, 'अहवालाची प्रत माहितीसाठी: श्री. सुगत रामटेके, कॅनडा.' ती ओळही मी वाचून दाखवायचो. तिच्यावर सगळ्यात मोठा हशा यायचा.

दीड वर्ष असं चाललं. मग एका नोव्हेंबरात शिक्का मारलेलं पत्र आलं. सुगत तीन आठवड्यांसाठी घरी येत आहे, त्यानिमित्त डिसेंबरातल्या रविवारी महासंघाची पहिली प्रादेशिक स्पर्धा फरीदाबादच्या हॉलमध्ये होईल, प्रत्येक क्लबानं चार खेळाडू आणावेत. खाली शाईनं लिहिलं होतं, 'सौ. पाटणकर यांना अवश्य आणावे.'

मी मंजूला सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत पोळ्या लाटत राहिली, आणि शेवटची पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "म्हणजे माझं जातं घासलं ते या खोटेपणासाठी?"

तरी ती आली. केतकी आली, आणि मी हातापाया पडल्यावर तिवारीजी आले. बसमध्ये बदरपूर बॉर्डरपर्यंत मी तिघांना त्यांची नावं पढवत होतो. केतकीला कु. शैला साने होणं आवडलं. तिवारीजी श्री. गोखले व्हायला तयार झाले, फक्त बोलायचं नाही या अटीवर. राहिली यमुनाबाई.

"मंजू, तू शाल घेतलीच आहेस. जरा वाकून चाललीस की झालं."

"मी बासष्ट वर्षांची दिसते?"

"दिसत नाहीस, पण एका दिवसापुरती..."

"मी मंजिरी जोगळेकर आहे. तिथे तेच सांगेन," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं.

हॉल सजवला होता. फरशीवर खडूनं वर्तुळं काढली होती, कुठून कुठून जमवलेले आठ दगड ओळीनं मांडले होते, प्रत्येकाच्या खुंट्याला रंगीत फीत. चड्ढाजी सूट घालून तीन भाच्यांना घेऊन आले होते. त्यांनी करोल बागेत खरोखर क्लब काढला होता आणि दुकानाच्या मागच्या खोलीत सराव करत होते. हे पाहून मला आणखीच मेल्यासारखं झालं. साहेब करड्या सफारीत, खिशाला महासंघाचा बिल्ला लावून, प्रत्येकाच्या हातात नवा झाडू देत होते. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

सुगत पुढे आला. बारीक अंगाचा, हळू बोलणारा मुलगा. त्यानं वाकून मला नमस्कार केला आणि माझ्या मागे नजर टाकली.

"काका, यमुनाबाई कुठायत?"

त्याच्या हातात एक पुडकं होतं. मी काही बोलायच्या आत तो घाईघाईनं सांगू लागला. "काका, मी तिकडे क्लबात पहिल्यांदा गेलो ना, तर कोपऱ्यात बसून परत आलो होतो. बाबांना वाटलं मी दर मंगळवारी जातो. मग तुमचे अहवाल यायला लागले. एकदा ऑफिसातल्या एकाला मी यमुनाबाईंचा किस्सा सांगितला, तो म्हणाला, हे क्लबात येऊन सांग. तेव्हापासून जातो. दर महिन्याला इंग्लिश करून वाचून दाखवतो. म्हाताऱ्या बायका आधी विचारतात, यमुना जिंकली का?" त्यानं पुडकं सोडलं. लोकरीचे हातमोजे होते, क्लबाचा बिल्ला शिवलेले, आणि एक कार्ड, त्यावर पंधरा-वीस सह्या. "त्यांच्यासाठी दिलंय सगळ्यांनी. कुठायत त्या?"

इथे कलम सात होतं. पंच नव्हता. हात वर करायचा आणि सांगायचं, एवढंच काम होतं. मंजू माझ्याकडे बघत होती. साहेब झाडू वाटायचे थांबून माझ्याकडे बघत होते.

"त्या वारल्या," मी म्हणालो. "मागच्या मंगळवारी."

मंगळवार का म्हणालो, ते मला आजही माहीत नाही. खरं वाटावं म्हणून म्हणालो असेन.

मग चड्ढाजींनी डोक्यावर रुमाल टाकला आणि म्हणाले, "बड़ी नेक औरत थीं. मेरी फोन पे बात हुई थी एक बार." मंजूनं शाल तोंडाला लावली. ती हसतेय की काय अशी मला भीती वाटली. ती हसत नव्हती. साहेब हळूहळू हॉलच्या मधोमध आले, झाडू भिंतीला टेकवून ठेवला आणि त्यांच्या त्या सपाट ऑफिसच्या आवाजात म्हणाले, "महासंघाच्या सभासद सौ. यमुनाबाई पाटणकर यांना श्रद्धांजली म्हणून आपण दोन मिनिटं उभे राहू."

सगळे उभेच होते. सगळ्यांनी माना खाली घातल्या. साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

मिनिटभरानं मला हुंदका ऐकू आला. सुगत रडत होता. हातमोजे छातीशी धरून, आवाज दाबून, लहान मुलासारखा रडत होता. दोन मिनिटं झाली. साहेबांची नजर घड्याळावरच होती. तीन झाली, चार झाली. जो माणूस चहाचा ब्रेक अकरा मिनिटांचा झाला तर कारणं मागायचा, तो घड्याळ बघत उभा राहिला आणि 'बसा' म्हणाला नाही. तिवारीजी पाय बदलू लागले. दारातला चौकीदार टोपी काढून उभा होता. सात-आठ मिनिटं झाली असतील. सुगतचं रडणं आपोआप थांबलं, त्यानं नाक पुसलं, तेव्हा साहेब म्हणाले, "धन्यवाद."

स्पर्धा झाली. यमुनाबाईंच्या जागी सुगत आमच्याकडून खेळला. आम्ही दोन्ही सामने हरलो, चड्ढाजींच्या भाच्यांशीही आणि साहेबांच्या सोसायटीवाल्यांशीही. एकदा माझ्या झाडूचा धक्का दगडाला लागला, तेव्हा मी हात वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चहा झाल्यावर सुगत मंजू-केतकीला घर दाखवायला घेऊन गेला, आणि साहेब आणि मी ओल्या फडक्यानं फरशीवरची पावडर पुसू लागलो. गुडघ्यावर बसून, शेजारी शेजारी. माझ्यानं राहवेना.

"साहेब, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"त्र्याहत्तर नंबरला पाण्याचा पंप आहे," साहेब म्हणाले. फडकं फिरवायचे ते थांबले नाहीत. "तुमच्या तिसऱ्या अहवालानंतर मी आलो होतो नं. बाईंना भेटावं, आभार मानावे म्हटलं. पेढे घेऊन आलो होतो. ते पंपवाल्याला दिले."

मी पुसलेल्याच फरशीवरून पुन्हा पुन्हा फडकं फिरवत राहिलो.

"तुम्हाला पत्र लिहायला बसलो होतो. कारणे द्या म्हणून. तेवढ्यात सुगतचं पत्र आलं. दोन पानं. आई गेल्यापासून त्यानं मला चार-पाच ओळींच्या वर लिहिलं नव्हतं, जोगळेकर. ती गेली तेव्हा तो येऊ शकला नाही. नवीन नोकरी होती, कागद व्हायचे होते. मीच म्हटलं होतं फोनवर, येऊ नको, इथे आता काही नाही. तेव्हापासून तो आईचं नावच काढत नव्हता. फोनवर मी काढलं की म्हणायचा, थंडी आहे." त्यांनी फडकं बादलीत पिळलं. "आणि त्या पत्रात दोन पानं यमुनाबाई. त्यांचे गुडघे कसे आहेत, लाडू कसले होते. मी काय करणार होतो? मी अहवाल मंजूर केला."

"मी आत्ता जाऊन त्याला सांगतो," मी म्हणालो.

"सांगू नका." ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "कलम सात मला माहीत आहे. ते मी लिहिलंय. माझीही चूक आहे आणि ती मी कुणाला सांगितली नाही. पण आईसाठी तो आज रडला. दोन वर्षांनी. ते मी परत घेऊ का त्याच्याकडून?"

तो माणूस माझी चूक आपल्या अंगावर घेऊन फरशी पुसत होता, आणि मी दीड वर्ष त्याची नक्कल करून लोकांना हसवलं होतं. ते त्याला माहीत नव्हतं. तेवढं तरी सांगायला हवं होतं. मी तेही सांगितलं नाही.

सुगत जानेवारीत परत गेला. त्यानंतरच्या एका रविवारी मी एकटाच फरीदाबादला गेलो. या वेळी सगळं सांगायचं, डब्याच्या वेळचंही, असं ठरवून गेलो होतो. साहेबांनी दार उघडलं, स्वेटर उलटा घातलेला होता. बैठकीत एकच खुर्ची उन्हाकडे तोंड करून ठेवली होती. त्यांनी माझ्यासाठी दुसरी आतून आणली.

मी विषय काढणार तेवढ्यात ते कपाटातून एक फाइल घेऊन आले. माझे सगळे अहवाल, तारखेप्रमाणे लावलेले, भोकं पाडून दोरीत ओवलेले.

"एक काम होतं," ते म्हणाले. जरा अवघडले होते. "मी हे वाचतो अधूनमधून. संध्याकाळी घरात कुणी नसतं नं. पण मला वाचता येत नाही बरोबर, माझं सगळं टिपणी वाचल्यासारखं होतं. त्या बाई कशा बोलत असतील ते तुम्हाला माहीत. एखादा वाचून दाखवता का?"

मी फाइल घेतली. लाडवांचा अहवाल उघडला. ऑफिसात तो मी इतक्यांदा वाचला होता की कुठे थांबायचं, कुठे भुवई उचलायची, सगळं पाठ होतं. मी वाचू लागलो. साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले. 'अरे हळू, पडशील' आलं तसे ते हसले. गुडघ्यावर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बरोबर त्याच जागी, जिथे डब्याच्या वेळी सगळे हसायचे.

"पुढे," ते चष्मा पुसत म्हणाले. "पुढे वाचा नं."

मी कागद तोंडासमोर धरला, कारण मला माझं तोंड त्यांना दाखवायचं नव्हतं, आणि पुढे वाचत राहिलो.